बाइंडिंगला गेलेली कादंबरी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी दूध तापायला ठेवत नाही. शेजारीण जरा जास्त गोड बोलली, की हिचं काय अडलंय, हेच आधी मनात येतं. महाडच्या एका वाचनालयात मी पंचवीसएक वर्षं नोकरी केली आणि तिथं हा स्वभाव फार कामाला आला. मासिकांतली पाककृतींची पानं कोण फाडून नेतं, दिवाळी अंकातलं शब्दकोडं पेननं कोण सोडवतं, हे मी माणसाच्या नुसत्या चालण्यावरून सांगायची. कमिटीतले लोक कौतुक करायचे आणि मी शेफारायची. एका कादंबरीच्या बाबतीत मात्र मी जे केलं, ते घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कादंबरी जुनी, ऐतिहासिक म्हणावी अशी. मुखपृष्ठ मी नोकरीला लागण्याआधीच गेलं होतं, नावाचं पान गेलं होतं, आणि शेवटची आठ-दहा पानंही. नोंदवहीत तिचं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. 'ती समुद्राची द्या' एवढंच म्हणायचे. दाभोळ बंदरातून अरबस्तानाकडे निघालेलं एक गलबत. त्यावर एक हिंदू व्यापारी आणि त्याची मुलगी, आणि गलबताचा नाखवा मुसलमान. मुलीचं पाणी वेगळ्या हंड्यात, बापाच्या नजरेखाली. दीडशे पानं ती दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. तो फक्त रोज सकाळी खलाशांना वारा कुठला आहे ते ओरडून सांगतो, तिला ऐकू जाईल असं. मग वादळ होतं, हंडा फुटतो, आणि चार दिवसांच्या तहानेनंतर तो आपल्या मशकीतलं पाणी तिच्यापुढे धरतो. तिथं पानं संपतात.

ती पाणी पिते की नाही, हे महाडात कुणालाच ठाऊक नव्हतं. एक निवृत्त पोस्टमास्तर छातीठोकपणे सांगायचे की बाप नाखव्याला समुद्रात ढकलतो. एका शिक्षिकेच्या मते दोघं मस्कतला दुकान टाकतात. मला विचाराल, तर ती पाणी पीत नाही. मी तेव्हाही अशीच होते.

आम्ही राहायला पोलादपूरला. वडील पंचायत समितीत कारकून. मी बी.ए. होऊन वाचनालयात लागले होते आणि माझी धाकटी बहीण महाडच्या कॉलेजात बारावीला होती. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी बरोबर जायचो. ती हुशार होती, तिला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. वडिलांनी तिला कॉलेजात घातलं, पण अट घालून. "एक शब्द जरी माझ्या कानावर आला, तर त्याच दिवशी कॉलेज बंद. मग येईल ते पहिलं स्थळ." आणि माझ्याकडे वळून म्हणाले होते, "तू लक्ष ठेव." हे काम मला सांगायची गरजच नव्हती.

ती वर्षंही तशीच होती. मुंबईत दंगली होऊन गेल्या होत्या आणि तिथून गावी येणारी माणसं येताना बातम्या घेऊन यायची, त्यातल्या निम्म्या रस्त्यात वाढलेल्या. महाडात कुणी कुणाला काही केलं नाही. पण कोण कुणाच्या दुकानात जातं, कोण कुणाच्या टपरीवर चहा पितं, हे सगळे बघत होते. मुसलमान मोहल्ल्यातली आमची दोन-चार वर्गणीदार घरं होती, तीही तेवढ्यापुरतं यायची आणि पुस्तक बदलून जायची. वडिलांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, त्या बाजूला जायचं काम नाही.

वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक खिसा असे आणि खिशात कार्ड. पुस्तक कुणी नेलं, त्याचा वर्गणीदार नंबर मी त्यावर लिहायची. नंबर घराला एकच, कर्त्या पुरुषाच्या नावावर. माझा स्वतःचा नंबर होता नऊ, आणि बहीण माझ्या नंबरावरच पुस्तकं न्यायची.

श्रावणात एकदा मी समुद्राच्या कादंबरीचं कार्ड सहज बाहेर काढलं आणि माझा हात थांबला. नऊ, दोनशे चौदा, नऊ, दोनशे चौदा, नऊ, दोनशे चौदा. जून महिन्यापासून तेच. शेवट नसलेली एक फाटकी कादंबरी दोन घरं आळीपाळीनं सहा वेळा नेत होती, आणि त्यातलं एक घर माझं होतं.

दोनशे चौदा म्हणजे मोहल्ल्यातलं एक ट्रकवाल्यांचं घर. म्हातारे वडील, थोरला मुलगा दुबईला, आणि धाकटा इथं मोटारसायकलवर फिरणारा. पुस्तक बदलायला धाकटाच यायचा. दिसायला देखणा, भावानं पाठवलेला गॉगल केसांत खोवलेला. खाली बसायचा नाही, कपाटाकडे बघायचा नाही. टेबलाशी येऊन, "ती समुद्राची हाय का?" एवढंच विचारायचा. इतर पुस्तकांत याला रस नाही आणि हीच कादंबरी पुन्हा पुन्हा कशी लागते, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला, आणि मग तो काही केल्या जाईना.

मी कादंबरी उघडून पानन् पान बघितलं. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं. दोन अक्षरं होती. एक माझ्या बहिणीचं, ते मी अंधारातही ओळखलं असतं. दुसरं मोठं, ठोकळ्यांसारखं, शाळा सुटून बरेच दिवस झालेल्या माणसाचं. सुरुवातीला सगळं कादंबरीबद्दलच होतं.

"शेवट काय असेल?"

"पाणी पिते."

"नाही पीत. बापाला घाबरते."

"चार दिवस तहान काढून बघ म्हणजे कळेल."

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. आणि मग हेवा वाटला. मी चोवीस वर्षांची होते, हजारो पुस्तकं माझ्या हातांखालून जात होती आणि माझ्यासाठी कुणी कुठल्या समासात एक टिंबही काढलं नव्हतं. पुढची पानं वाचली तेव्हा मात्र हसू आणि हेवा दोन्ही पळाले.

"दोन फोटो लागतील, पासपोर्टचे."

"इथला फोटोवाला ओळखीचा आहे. बोभाटा होईल."

"जुना असेल तो चालेल. विचारते."

"शाळेचा दाखला मिळाला. माझ्याकडे आहे."

"प्रतिज्ञापत्र तहसिलात करावं लागेल. स्वतः यावं लागेल."

"घरी आधी नको. एकदम सांगू."

"एकदा झालं की मग कुणी काही करू शकत नाही."

माझ्या मावसबहिणीनं पळून जाऊन रजिस्टर लग्न केलं होतं, तेव्हा हेच कागद घरभर फिरले होते. फोटो, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र. मावशीनं तेव्हा अंथरूण धरलं होतं आणि काका वर्षभर चारचौघांत आले नव्हते. तिथं तर मुलगा जातीतला होता. इथं काय होईल, ते मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

तरी मी गप्प राहिले. संशयी माणसाला पुरावा लागतो, आणि तो मिळाला की त्याला एक प्रकारचं सुखही होतं. मी एसटीत बहिणीचं दप्तर मांडीवर घ्यायच्या निमित्तानं चाचपायची. तिच्या हाताला कुणी दिलेली अंगठी आहे का बघायची. एकदा दुपारी मी पोस्टात जायला बाहेर पडले, तर ही तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्याशी बोलत उभी. संध्याकाळी विचारलं, "आज दुपारी कुठं होतीस?" तर म्हणाली, "कॉलेजात." डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. मला तिचा इतका राग आला की पोलादपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

भाद्रपदात एका गुरुवारी सकाळी एसटीतून उतरताना तिनं कादंबरी माझ्या हातात दिली. "ताई, ही आजच जमा कर हं. कुणीतरी मागायला येईल." कुणीतरी! वाचनालयाचं कुलूप उघडल्याबरोबर मी आधी समास शोधले. ठोकळ्यांच्या अक्षरात होतं, "तारीख लिहून पाठव. मी तयार आहे." आणि खाली माझ्या बहिणीच्या अक्षरात, "मंगळवारी अकरा वाजता. तहसिलाच्या पायरीवर थांबते. हा दिवस चुकला तर वर्ष गेलं."

मला वाटलं, यांनी मुहूर्तसुद्धा काढला. रजिस्टर लग्नाला मुहूर्त कसला, एवढा साधा प्रश्नही माझ्या त्या तल्लख डोक्याला पडला नाही.

वडिलांना सांगावं, तर कॉलेज त्याच दिवशी बंद. बहिणीला विचारावं, तर ती खोटं बोलणार, आता तर तिला सवय झाली होती. पेन्सिल खोडावी, तर ती पुन्हा लिहील. टेबलाखाली बाइंडिंगचा गठ्ठा बांधायला काढलेला होता. फाटकी पुस्तकं वर्षातून एकदा पुण्याच्या बाइंडरकडे जायची, एसटीच्या पार्सलनं, वरंधा घाटातून. पावसात दरडी कोसळून घाट बंद व्हायचा, आणि बाइंडरलाही घाई नसायची. गठ्ठा दिवाळीनंतरच परत यायचा. मी कादंबरी गठ्ठ्याच्या मधोमध घातली, सुतळीला तीन गाठी मारल्या आणि नोंदवहीत लिहिलं, 'बाइंडिंग'. ती फाटकी होतीच. कुणी बोट ठेवू शकलं नसतं.

शुक्रवारी तो मोटारसायकलवाला आला. "ती समुद्राची हाय का?"

"बाइंडिंगला गेली."

"आँ? आनि येल कधी?"

"दिवाळीनंतर."

त्यानं मान खाजवली. "मग दुसरं कायतरी द्या."

माझ्यातला खवचटपणा उफाळून आला. मी त्याला भुईमुगाच्या लागवडीवरचं एक सरकारी पुस्तक दिलं. त्यानं ते न बघताच शर्टात खुपसलं आणि गेला. मला केवढं समाधान वाटलं.

मंगळवारी मी वाचनालयातून तासभर सुट्टी काढून तहसिलासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले. अकराला बहीण पायरीवर आली. छातीशी खाकी पाकीट धरलेलं. पाऊस तिरका येत होता, ती पायरीवरून आत सरकायची, पुन्हा पुढे येऊन रस्ता बघायची. साडेअकरा झाले, बारा झाले. कुणी आलं नाही. एकदा तर ती मोहल्ल्याच्या दिशेनं वीस-पंचवीस पावलं चालत गेली, तिथं कोपऱ्यावर आमच्या वडिलांच्या ओळखीचे दोघे उभे होते, त्यांना बघून परत फिरली. एक वाजता ती निघून गेली. मी झेरॉक्सवाल्याकडून उगाच एका कागदाच्या दोन प्रती काढून घेतल्या आणि सुटकेचा श्वास सोडला.

संध्याकाळी एसटीत ती म्हणाली, "माणसं ऐनवेळी कच खातात, नाही का गं ताई?"

"खातात," मी म्हणाले. "बरंच असतं ते."

दिवाळीच्या साफसफाईत तिच्या ट्रंकेत ते खाकी पाकीट दिसलं. मी विचारलं, तर म्हणाली, "कुणाचं तरी आहे. मागायला कुणी आलं नाही." आणि पाकीट तळाशी ठेवून तिनं वर साड्या रचल्या. ते फोडून बघावं असं मला फार वाटलं. पण जिंकलेल्या माणसाला उगाच खोलात जायचं कारण नसतं. बारावीला तिला चांगले मार्क पडले, डी.एड. झालं, डोंगरातल्या एका शाळेत नोकरी लागली, वडिलांनी पेढे वाटले. आपण एका मुलीचं शिक्षण वाचवलं, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं असेल.

मध्ये दहा-बारा वर्षं गेली. वाचनालयात ट्यूबलाइट आल्या, संगणक आला आणि बंदही पडला. एका दुपारी बुरखा घातलेली एक बाई दहाएक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. चेहरा उघडा, हसरा. टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, वर्गणीदार व्हायचं हाय. हिला गोष्टींची पुस्तकं हवीत. आनि मला एक बघायची होती. ती समुद्राची हाय का अजून?"

त्या कादंबरीला कितीतरी वर्षांत कुणी हात लावला नव्हता. मी कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवली. निळ्या कापडाचं बाइंडिंग, आणि बाइंडर कापतो तशा तिन्ही कडा कापून सारख्या केलेल्या. तिनं भराभर पानं उलटली आणि एका पानावर थांबली. समासात पेन्सिलीची नुसती अर्धी अक्षरं उरली होती, बाकीची बाइंडरच्या सुरीखाली गेलेली. त्या अक्षरांवरून ती बोट फिरवत राहिली.

"हे माझं," ती म्हणाली. "आनि हे माझ्या मैत्रिणीचं. पोलादपूरच्या शाळंत आमी एका बाकावर होतो, नववीपर्यंत. तुमची धाकटी बहीनच ती. तुमाला नाय ठाऊक?"

मी मान हलवली.

मग तिनंच सांगितलं, हसत हसत, जुनी गंमत सांगावी तसं. नववीनंतर लग्न करून तिला महाडला दिलं. नवरा दुबईला. सासू चांगली, पण बाहेर पडायचं ते सासूबरोबर. दिराला सांगून ती पुस्तकं मागवायची आणि एकदा कादंबरीच्या समासात ओळखीचं अक्षर दिसलं, तर त्याच्याखाली तिनं उत्तर लिहिलं. तिथून सुरू झालं. माझ्या बहिणीनंच तिच्या डोक्यात भरवलं की बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. फोटो, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र. फॉर्म एकदा गेला की घरी सांगायचं. सासरे ओरडतील, पण भरलेला फॉर्म मागे घ्यायला लावणार नाहीत.

"शेवटची तारीख ती लिवून पाठवनार होती, त्या दिवशी मी दवाखान्याचं निमित्त काढून निघनार होते," ती म्हणाली. "आनि पुस्तकच आलं नाय. त्याच्या जागी भुईमुगाचं पुस्तक आलं. मी ते पन पान पान बघितलं, तिनं कुठं काय लिवलंय का म्हनून. मग मला वाटलं, तिला घरून कुनी बोललं असंल, त्यांच्यातल्या बाईचं तुला काय पडलंय. तसले दिवस होते तेव्हा. माझा दाखला पन तिच्याकडंच राह्यला. पुढच्या वर्षी ही पोटात होती. मग झालं."

ती रागानं बोलत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पायरीवर पावसात उभी असलेली माझी बहीण मला दिसत होती, आणि ही, भुईमुगाच्या पुस्तकाची पानं उजेडात धरून बघणारी. इतकी वर्षं ही समजत होती की तिनं धर्म बघितला, आणि ती समजत होती की हिनं कच खाल्ली. दोघींच्याही मनातला तो संशय माझा होता, मीच त्यांना वाटून दिला होता.

"पुस्तक मी पाठवलं बाइंडिंगला," मी म्हणाले. "मुद्दाम. समासातलं वाचून."

तिनं पानावरून बोट उचललं. "का हो?"

"मला वाटलं, तुमचा दीर आणि माझी बहीण. रजिस्टर लग्न."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की पेपर वाचणारे सगळे माना वर करून बघायला लागले. "तो? अवो ताई, तो उर्दू शाळंतला. त्याला मराठी वाचता येत असतं, तर त्यानं भुईमुगाचं पुस्तक घरी आनलं असतं का?" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं. मुलगी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती.

"मला माफ करा," मी म्हणाले. जन्मात हा शब्द मी कुणाला म्हटला नव्हता.

तिनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही.

"अजूनही भरता येतो तो फॉर्म," मी म्हणाले. "मी सगळं करून देते. दाखला असेल तिच्याकडे."

"आता हिचं बघते," ती मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "तुमी ते वर्गणीचं लिवा. सासऱ्यांच्या नावावर नको, माझ्या नावावर लिवा."

मी कोरा अर्ज ओढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. व्यवसायापुढे तिनं सांगितलं तसं 'घरकाम' लिहिलं. त्याखालचा रकाना शिक्षणाचा. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "शिक्षण?"

"नववी," ती म्हणाली.

मी नववी लिहिलं. ती वाकून बघत होती.

"पास लिवा, ताई. नववी पास."

मी पास लिहिलं.